मामाचं पत्र त्यालाही सापडावं म्हणून: विशेष गरजा असलेल्या मुलासाठी उन्हाळी शिबिराची तयारी

गुढीपाडवा उलटला की आमच्या नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत उन्हाळी शिबिरांचे फलक दिसायला लागतात. मातीकाम, नाटक, स्केटिंग, संस्कार वर्ग. ज्यांच्या घरी विशेष गरजा असलेलं मूल आहे, ते आईबाबा हे फलक वाचतात आणि गाडी पुढे घेतात. आम्हीही कित्येक वर्षं तेच केलं. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम (स्वमग्नता) आहे, बोलतो मोजके शब्द. गेले चार उन्हाळे तो इतर मुलांबरोबर शिबिराला जातोय. पहिलं शिबिर तीन दिवसांत सुटलं. चौथ्या वर्षी शेवटच्या दिवशी त्याला तिथून घरी आणायला मला अर्धा तास विनवण्या कराव्या लागल्या. या मधल्या काळात जे हाती लागलं, ते क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं जास्त करून ऑटिझमची येतील, कारण ते माझ्या घरात आहे. पण आमच्या गटात डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी असलेली आणि कमी ऐकू येणारी मुलंही होती. त्यांच्या आयांनी मला शिकवलं तेही यात आहे.

सगळ्यात आधी: मूल तिथे कशासाठी जातंय?

आपल्या मुलांचं वर्ष थेरपीत जातं. सोमवारी ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), बुधवारी स्पीच थेरपी, शनिवारी विशेष शिक्षिका. मणी ओवायचे ते बोटांसाठी, झोका घ्यायचा तो तोल सुधारावा म्हणून. त्यांच्या प्रत्येक खेळामागे मोठ्यांचं काहीतरी काम दडलेलं असतं. निदान उन्हाळ्याचे पंधरा दिवस तरी त्यांना यातून सोडवा. शिबिराला पाठवताना माझ्या मनात एकच गोष्ट असते, त्याला मजा यावी. तो परत आल्यावर ‘आज काय शिकला?’ असं मी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः चपला घालून दाराशी उभा राहतो का, तेवढं बघते. हे एकदा पक्कं झालं की शिबिर निवडण्यापासून शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमापर्यंतचे बरेच निर्णय सोपे होतात.

शिबिर निवडताना

हे काम मार्चमध्येच करा. एप्रिल अखेरीला जागा भरलेल्या असतात आणि आयोजकांना तुमच्याशी शांतपणे बोलायला वेळ नसतो. घराजवळचं, लहान, पंधरा-वीस मुलांचं शिबिर शोधा. कॉलनीतली दोन मुलं तिथे जाणार असतील तर फारच उत्तम. नाव मोठं आणि हॉलमध्ये ऐंशी मुलं, तिथे कितीही चांगली माणसं असली तरी आपलं मूल हरवून जातं.

फोनवर मुलाबद्दल सांगितल्यावर काय उत्तर येतं ते नीट ऐका. ‘आमच्याकडे सगळी मुलं सारखीच, आम्ही काही वेगळं करत नाही’ हे ऐकायला गोड वाटतं, पण मला आता या उत्तराची काळजी वाटते. वेगळं काही करायचं नाही म्हणजे जे जमत नाही ते त्याने सोडून द्यायचं. याउलट ‘ताई, आम्हाला अनुभव नाही हो, पण काय करावं लागेल ते सांगा’ असं कोणी म्हणालं, तर तिथे जा. अनुभव आठवड्यात येतो. विचारायची तयारी मात्र आधीपासून असावी लागते.

आमच्या पहिल्या शिबिरात माणसं वाईट नव्हती. रोज दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे, लेक टेबलाशी बसून रंगवतोय. तिसऱ्या दिवशी मी वेळेआधी पोचले. सगळी मुलं बाहेर मैदानात होती आणि हा आत एकटा, खडूंचे कागद सोलत बसलेला. सोललेल्या कागदांचा ढीग बराच मोठा होता. ‘बाहेर गोंगाट असतो, त्याला त्रास नको म्हणून,’ असं सांगितलं गेलं. तीन दिवस तो शिबिरात होता, पण शिबिर त्याच्या वाट्याला आलंच नव्हतं. म्हणून आता फोटोंवर विश्वास ठेवण्याआधी मी हे प्रश्न विचारते:

- खेळ चालू असताना तो कुठे असेल आणि त्याच्याजवळ कोण असेल?
- त्याला एखादा खेळ जमला नाही तर खेळाचा नियम बदलायची तयारी आहे का?
- स्पीकर लावणार का, किती वेळ, आणि तो बंद करायला कोणाला सांगायचं?
- बाजूला शांत बसायला जागा आहे का?
- फाटक बंद असतं का? मूल बाहेर पडलं तर कळणार कसं?
- शौचालय कुठे आहे, आणि मदत लागली तर नेमकं कोण जाईल?

शेवटच्या प्रश्नाला संकोच करू नका. ज्या मुलाला घडलेलं सांगता येत नाही, त्याच्यासोबत कोण जाणार हे नावानिशी ठरलेलं हवं, आणि ठरलेल्या माणसाशिवाय दुसऱ्याने जायचं नाही. जागा स्वतः जाऊन पाहा, तीही शिबिराच्या वेळेला. पायऱ्या किती, जमीन खडबडीत आहे का, व्हीलचेअर शौचालयाच्या दारातून आत जाते का, हे मोजपट्टी घेऊन पाहिलं तरी कोणी हसणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि खेळ व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, हे त्याच्या कलम १६ मध्ये आहे. म्हणजे मुलाच्या शाळेनेच शिबिर घेतलं आणि ‘तुमच्या मुलाला नको’ म्हटलं, तर हे कलम दाखवा. खासगी छोट्या शिबिरात मात्र मी कायद्यापेक्षा चहाच्या कपावर बोलणं पसंत करते. नाराज माणसाच्या हाती मूल सोपवून आपल्याला घरी चैन पडत नाही.

फॉर्मबरोबर द्यायचं एक पान

काही पालक निदान लपवतात, प्रवेश नाकारतील म्हणून. ही भीती मला माहीत आहे. तरी लपवू नका. तिसऱ्या दिवशी ते कळतंच, आणि तोवर मुलाला ‘हट्टी’ हे नाव पडलेलं असतं.

पण म्हणून तपासणीच्या अहवालांची फाईलही देऊ नका. बुद्ध्यांकाचा आकडा वाचून शिबिराच्या ताईला काही कळत नाही, उलट ती घाबरते. एक पान लिहा, मोठ्या अक्षरात, मुलाच्याच तोंडून बोलल्यासारखं. आमचं पान असं असतं:

‘मला पाणी आवडतं, सायकलचं फिरणारं चाक आवडतं आणि माझं नाव लिहिलेलं काहीही आवडतं. मी कान झाकले की समजा आवाज जास्त झालाय. मला झाडाखाली न्या, बोलू नका, पाच मिनिटं थांबा, मी परत येईन. माझा हात धरून ओढू नका. तुमचा हात पुढे करा, मी धरेन. मी शू आली असं सांगत नाही, चड्डीचं टोक ओढतो. मला पोहे ओले लागतात म्हणून नको, चिवडा चालतो. मी तुमच्याकडे बघत नसलो तरी ऐकत असतो. पाणी दिसलं की मी धावतो.’ शेवटचं वाक्य लाल पेनाने.

खाली तुमचा आणि आणखी एका जवळच्या माणसाचा फोन, औषधं, अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचा नंबर. याच्या चार प्रती काढा, कारण पहिली प्रत ऑफिसच्या कपाटात जाते.

घरची पंधरा दिवसांची तयारी

शिबिर सुरू होण्याआधी दोन-तीनदा रिकाम्या जागेत मुलाला फिरवून आणा. आम्ही संध्याकाळी जायचो. तो फाटक उघडझाप करायचा, नळ शोधायचा, जिन्याखालची जागा बघून यायचा. पहिल्या दिवशी मुलं नवीन असतात, आवाज नवीन असतात, निदान भिंती तरी ओळखीच्या असाव्यात.

त्या फेरीत मोबाइलवर फोटो काढा: फाटक, चपलांची जागा, सतरंजी, मैदान, शौचालय, शिकवणाऱ्या ताई. त्यांचे छोटे प्रिंट काढून पट्टीवर क्रमाने लावा, सकाळी काय आणि मग काय. जे झालं ते चित्र उलटं करायचं. पट्टीवरचं शेवटचं चित्र नेहमी घराचं ठेवा. घर येणार आहे हे दिसत राहिलं की मधलं सगळं सहन होतं. ज्या मुलाला दिसत नाही त्याच्यासाठी हीच पट्टी वस्तूंची करता येते: टोपी, चमचा, मातीचा गोळा, घराची किल्ली.

टोपी, नवी बाटली, पाठीवरची पिशवी या वस्तू आठवडाभर आधी घरात वापरायला काढा. नव्या टोपीच्या इलॅस्टिकवरून एक अख्खी सकाळ बिघडलेली मी पाहिली आहे. रस्ताही सवयीचा करा. २०२७च्या सिंहस्थाची कामं शहरात चालू असल्याने रोजचा रस्ता अचानक बंद मिळू शकतो. ज्या मुलाला त्याच वळणावरून जायचं असतं त्याच्यासाठी दोन रस्ते आधीच पाठ करून ठेवा.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी एकच तास. तो रमलेला असतानाच घरी आणा, रडू येईपर्यंत थांबू नका. हे करताना जीव तुटतो, कारण इतक्या दिवसांनी तो हसत असतो. पण तो तास त्याच्या मनात चांगला म्हणून राहतो आणि दुसऱ्या दिवशी पाय आपोआप वळतात. दीड तास, दोन तास असं वाढवत आम्ही पाचव्या दिवशी पूर्ण वेळेवर आलो. आयोजकांशी हे आधी बोलून घ्या, म्हणजे ‘आज लवकर का?’ असं मुलासमोर कोणी विचारत नाही.

आई किंवा बाबांनी पहिल्या दिवशी आत बसावं, मग दाराशी, मग बाहेर गाडीत. निघताना मुलाला सांगून निघा. नजर चुकवून निघालात, तर उद्या तो तुमचा पदर सोडणार नाही.

मदतनीस ताईने कुठे उभं राहायचं

मुलाला सोबत लागत असेल तर ती शक्यतो आईची नको. सुट्टीत असलेली विशेष बी.एड.ची, समाजकार्याची किंवा फिजिओथेरपीची विद्यार्थिनी विचारून पाहा. नाशिकमध्ये या कामाची परंपरा जुनी आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये इथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली, आणि त्या वाटेवर पुढे आलेल्या कितीतरी शिक्षिका शहरात आहेत. त्यांच्यापैकी कोणी शिबिराआधी तासभर येऊन स्वयंसेवकांशी बोललं, तरी बराच फरक पडतो. मदतनिसाचा खर्च कोण करणार हे मात्र फी भरण्याआधीच स्पष्ट करून घ्या.

मदतनीस ताई मुलाला चिकटून बसली की इतर मुलं त्याच्याशी न बोलता तिच्याशीच बोलतात. ‘त्याला हवंय का?’ असं तिला विचारतात. तिने दोन हात मागे राहावं आणि अशा वेळी ‘त्यालाच विचार, हात पुढे कर’ एवढंच म्हणावं. जोडीदार मुलंही रोज बदला. एकाच समजूतदार मुलीला सगळे दिवस सांभाळायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे, तिलाही खेळायचंय.

खेळ बदला, मूल नको

या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे.

आमच्या दुसऱ्या शिबिरात ‘मामाचं पत्र हरवलं’ खेळायला घेतलं. मुलं गोल बसली, एक जण रुमाल घेऊन मागून धावायला लागला. रुमाल माझ्या लेकाच्या मागे पडला. त्याला कळलंच नाही. मुलं ओरडली, ‘अरे मागे बघ, मागे!’ त्याने कान झाकले. मग कोणीतरी रुमाल त्याच्या हातात दिला, तर तो त्याची किनार बोटांवरून फिरवत बसून राहिला. खेळ थांबला. ताईंच्या चेहऱ्यावर ती ओळखीची काळजी दिसली, आता याला बाजूला घ्यावं लागणार.

तेव्हा सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, ‘पण हे पत्र कुठंय? हा तर रुमाल आहे.’

दुसऱ्या दिवशी ताईंनी पोस्टातून पन्नास पैशांची पोस्टकार्डं आणली आणि प्रत्येकाच्या नावाचं एक कार्ड केलं. मागून धावणाऱ्या मुलाने कार्ड ज्याचं असेल त्याच्या पुढ्यात ठेवायचं आणि त्याच्या खांद्याला हात लावायचा. ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या. लेकाच्या पुढ्यात पिवळसर कार्ड आलं. त्यावर त्याचं नाव. त्याने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, उठला आणि धावला. उलट्या दिशेने धावला, पण सगळा गोल त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होता आणि तो आपल्या जागेवर येऊन बसला. त्याच खेळात कमी ऐकू येणारी मुलगीही पहिल्यांदा मागे राहिली नाही, कारण आता ऐकायचं काही नव्हतंच. बदल एकासाठी केला, उपयोग दोघांना झाला.

कोणताही खेळ असा उघडून पाहता येतो. मुलाला नेमकं काय अडतंय? आवाज, वेग, वाट बघणं, बाद होणं की नियम लक्षात ठेवणं? जे अडतंय तेवढंच बदला. संगीत खुर्चीत बाद कोणी करू नका, खुर्च्या कमी करत जा आणि सगळ्यांनी मिळून उरलेल्या खुर्च्यांवर मावायचं. लगोरी व्हीलचेअरवरच्या मुलासाठी स्टुलावर रचा, चेंडू मोठा घ्या. आंधळ्या कोशिंबिरीत पळणाऱ्यांच्या पायात घुंगरू बांधा. आमच्याकडे दृष्टिहीन मुलगा त्यात इतका तरबेज निघाला की सगळ्यांना तो आपल्या गटात हवा असायचा. विषामृतात ज्याला पळता येत नाही त्याला ‘अमृत’ देणारा करा, मुलं स्वतःहून त्याच्याकडे धावत येतात. शाडूच्या मातीला हात लावायला जे मूल कचरतं, त्याच्यासाठी माती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, वरून दाबू द्या. काही दिवसांनी ते आपण होऊन पिशवी उघडतं. नाही उघडलं तरी हरकत नाही.

ऊन, पाणी, औषधं

मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीच्या जवळ जातो. मैदानातलं सगळं सकाळी साडेदहाच्या आत संपवा. अनेक विशेष मुलांना तहान लागल्याचं कळत नाही किंवा सांगता येत नाही, म्हणून तहानेची वाट न बघता दर अर्ध्या तासाने सगळ्या मुलांना पाणी द्या. फिटसाठी दिलं जाणारं टोपिरामेटसारखं औषध घाम कमी करतं, त्यामुळे अंग तापतं. मूल अशा औषधावर असेल तर डॉक्टरांशी आधी बोला आणि शिबिराला लेखी कळवा.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालायचं नाही. कांदा, चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८. हे स्वयंसेवकांना एकदा करून दाखवा, नुसतं सांगू नका.

डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेतले वरचे मणके सैल असतात. कोलांट्या आणि पाण्यात सूर मारणं डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको. कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) घालणाऱ्या मुलाचे पाय घरी आल्यावर पाहा. लाल वळ अर्ध्या तासात गेले नाहीत तर दुसऱ्या दिवशी तो वापरण्याआधी दाखवून घ्या. रेन डान्स असेल तर कानातलं यंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऑपरेशनने बसवलेल्या श्रवणयंत्राचा) बाहेरचा भाग काढून डबीत ठेवायचं काम एकाच माणसाकडे द्या. त्या वेळात मुलाला ऐकू येत नाही हे बाकीच्यांना माहीत हवं.

आणि सहल. पाण्याकडे धावणाऱ्या मुलाला सोमेश्वरला किंवा गंगापूर धरणाच्या काठी गटाने नेऊ नका, कितीही माणसं सोबत असोत. मी यात तडजोड करत नाही. एक क्षण पुरतो. पांडवलेणीला पायऱ्या आहेत, तिथे ज्याला चढता येत नाही तो खाली बसून राहणार. आमच्या शिबिराची सहल गंगापूर रोडच्या एका रोपवाटिकेत गेली. सावली, सपाट वाट, झारीने पाणी घालणं आणि येताना प्रत्येकाला एक मोगऱ्याचं रोप. लेक पाऊण तास झारी सोडायला तयार नव्हता.

इतर मुलांना काय सांगायचं

मुलं विचारतात, ‘हा बोलत का नाही?’ खरं सांगा, लहान वाक्यात. ‘त्याला शब्द सापडायला वेळ लागतो. तो चित्र दाखवतो, ते बघायचं.’ ‘देवाचं मूल आहे’, ‘बिचारा आहे’ असं कृपा करून सांगू नका. बिचाऱ्याशी कोणी लगोरी खेळत नाही. चिडवणं झालंच तर त्याच दिवशी, त्याच जागी थांबवा.

एखाद्या दिवशी बिनसणार. तो जमिनीवर लोळेल, ओरडेल. ताईंनी गर्दी हटवावी, स्पीकर बंद करावा, जवळ बसून राहावं आणि प्रश्न विचारू नयेत. बाकीची मुलं दुसरीकडे खेळत राहू देत. त्या दिवशी घरी जा, दुसऱ्या दिवशी परत या. फोटो, व्हिडिओ कोणी काढायचा नाही हे आधीच सांगून ठेवा.

शेवटचा दिवस आणि त्यानंतर

समारोपाला स्टेजवर सगळ्यांनी नाचलंच पाहिजे असं नसतं. लेकाने पडद्याची दोरी ओढायचं काम मागून घेतलं आणि प्रत्येक नाचाला बरोबर वेळेवर पडदा उघडला. डाऊन सिंड्रोमची मुलगी मात्र पहिल्या रांगेत नाचली, कारण तिला तेच हवं होतं. मुलाला विचारा, चित्र दाखवून विचारा.

घरी यायच्या आधी दोन-तीन आईबाबांचे नंबर घ्या आणि जून उजाडायच्या आत एखादी संध्याकाळ गोदापार्कात नाही तर कोणाच्या गच्चीवर ठरवा. दोनच मुलं, एकच तास, ओळखीचा खेळ. आम्ही आणखी एक करतो. सहा पोस्टकार्डांवर आमचा पत्ता लिहून शेवटच्या दिवशी सहा मुलांना कोरी देतो. गेल्या वर्षी त्यातली दोन आली. एकावर नाव आणि ‘कसा आहेस’ होतं, दुसऱ्यावर नुसता आंबा काढलेला होता, पिवळ्या खडूने, कार्डाबाहेर जाईपर्यंत. आंब्याचं कार्ड त्याच्या उशीखाली असतं. चादर बदलताना मी ते उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते.